एकसारखे दोन बेडूक

नांदूरघाटात दोन लेकरांचा वाढदिवस एकाच मांडवात असला की लोक आधी माझ्या दुकानात येतात. मी काही गावची पंच नाही. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, वह्या आणि मागच्या फळीवर लेकरांची खेळणी, एवढंच माझं दुकान. पण कुणी कुणाला काय दिलं, हे माझ्याइतकं गावात कुणालाच माहीत नसतं, आणि त्याचा मला लई तोरा होता. होता म्हणते, कारण आता तो उरलेला नाही.

जोडवाढदिवसाचे नियम मीच लोकांच्या गळी उतरवले. दोन लेकरं, तर पुड्या दोन. एका पुडीत दोघांचं भागवायचं नाही. दोघं मिळून खेळा म्हणून कॅरम दिला, तर तो पहिल्याच दिवशी एकीच्या खोलीत जातो आणि दुसरीच्या पोटात दुखायला लागतं. कपडे द्यायचे नाहीत, एकाला घट्ट झाले तर देणाऱ्यावर येतं. वरचा कागदसुद्धा एकाच रंगाचा हवा. एक बाई मला म्हणाली, "ताई, पोरीला बाहुली आन पोराला गाडी देऊ का?" मी म्हटलं, "द्या की! मंग दोघांच्या आया आठ दिवस येऊन कुठलं महाग ते मला इचारतील, त्यान्ला चहा तुमी पाजा." बाईनं गपगुमान दोन सारखे डबे नेले.

सांगते ती गोष्ट आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरातली. मोठं शेतकरी घर, दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि म्हातारी सासू, सगळे एकत्र. थोरल्याची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा, दोघांच्या वाढदिवसात चार दिवसांचं अंतर. म्हणून दोघांचा वाढदिवस एकदमच व्हायचा. एक मांडव, एक केक, आणि दाराशी एकच फ्लेक्स, त्यावर दोन लेकरांचे फोटो आणि त्यांच्यापेक्षा मोठे काका-मामांचे हात जोडलेले फोटो. धाकटीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, त्या मुलाच्या पाठीवर एक मुलगी होती, दीड वर्षाची. गोरीगोमटी, गुटगुटीत, दिसेल ते तोंडात घालणारी. दुकानासमोरून जाताना आईच्या कडेवरून माझ्याकडं झेपावायची.

आदल्या साली त्या घरात आहेरावरून चांगलंच वाजलं होतं. कुणा पाहुण्यानं थोरल्याच्या मुलीला सायकल दिली आणि धाकट्याच्या मुलाला पाण्याची बाटली. धाकटी तोंडानं काही बोलली नाही, पण दोघी जावांची चूल वेगळी व्हायची वेळ आली होती. तेव्हापासून सासूनं मला बजावून ठेवलं होतं, "बाई, आमच्या घरी येणारं सामान तुज्या दुकानातून येतंय. माप एक ठिव माय, लेकरायपायी माजं घर फुटू देऊ नको." एवढा विश्वास. माझी छाती फुगली नसती तर नवल.

त्या साली मी स्वतः द्यायला प्लास्टिकचे हिरवे बेडूक काढून ठेवले. पाठीवर दाबलं की डोळ्यात लाल-निळा उजेड लागायचा आणि टर्र टर्र आवाज यायचा. शेवटचे दोनच उरले होते. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी मी दोन्ही दाबून पाहिले. एक वाजला, एक वाजेना. झालं! एक बोलका आणि एक मुका, हे त्या घरात नेलं असतं तर माझंच नाव खराब झालं असतं.

मी मुक्याच्या पोटाखालचं झाकण उघडलं. त्याला एक बारीक स्क्रू होता. आत रुपयाएवढा चपटा, गोल सेल होता, तो गेलेला. गल्ल्यात तसल्या सेलची नवी पट्टी होती. ती मी बीडच्या बाजारातून आणली तेव्हा देणारा म्हणाला होता, "मावशी, हे लहान लेकराच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकलं तर मास जाळतंय." पट्टीवरही लहान बाळाचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती. मी ते सगळं ऐकलं होतं, पाहिलं होतं. नवा सेल घातला आणि बेडूक ओरडला. मग झाकण लावायला गेले तर स्क्रू नाही. काउंटरखाली पाहिलं, झाडू मारला, माझ्या साडीच्या निऱ्या झटकल्या. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मी झाकण दाबून बसवलं आणि त्यावर सेलोटेपची एक पट्टी मारली. अंगठ्यानं घासून घासून अशी चिकटवली की दिसूसुद्धा नये. कोण बघतंय पोटाखाली, असं मनात म्हटलं आणि दोन्ही बेडूक पिवळ्या कागदात बांधले.

वाढदिवस झोकात झाला. पाच सवाष्णींनी दोन्ही लेकरांना ओवाळलं, ताटात ओवाळणीची नाणी पडली, केजहून आणलेला केक कापला. त्यांच्या नात्यातले एक गुरुजी माइकवर आहेर पुकारत होते. माझं नाव आलं तेव्हा म्हणाले, "दोन्ही बाळांना एकसारखी भेट! याला म्हणतात समज!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरली हसली, धाकटी हसली, सासूनं तर लांबूनच माझ्यावरून बोटं मोडली. मी बुंदीचं ताट हातात घेऊन मांडवात अशी मिरवले, की आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. थोरलीचा फोन आला. "ताई, तुमचा एक बेडूक बंद पडलाय की ओ. धाकटीच्या पोराचा. त्यो रडून बेजार झालाय. बदलून देता का?"

मला असा राग आला! फुकट दिलेल्या वस्तूची कुणी तक्रार करतं का? पण पुन्हा तेच, एक बोलका आणि एक मुका, म्हणजे घरात आग. मी पट्टीतला एक सेल पर्समध्ये टाकला, दुकान शेजारच्या बाईवर सोडलं आणि तणतणत निघाले. घर पन्नास पावलांवर. तेवढ्यात थोरलीला काय काय सुनवायचं ते मनात ठरवून झालं होतं.

आत गेले तर घरात वेगळीच गडबड. धाकटी पलंगावर मांडी घालून बसलेली, दीड वर्षाची मुलगी तिच्या मांडीवर. मुलगी रडत नव्हती, कण्हत होती. ओठांवरून लाळ गळत होती आणि झबल्याचा गळा ओला झाला होता. सासू हातात केळं घेऊन समोर बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई बाई," सासू म्हणाली. "ओवाळणीचं ताट इथंच खाली ठिवलंतं. पोरीनं रुपाया गिळला. मी बघितलं ना, कायतरी चकाकतं तोंडात घातलं आन गटकन गिळलं. धा वाजून गेलते. तिच्या बापानं बी लहानपणी असाच गिळलता. केळं चारलं, दुसऱ्या दिवशी शीतून पडला. तसाच पडंल."

धाकटी घाबरली होती, पण सासूच्या सांगण्यानं थोडी धीरात होती. म्हणाली, "ताई, केळं गिळंना ओ. थुंकतीय. जरा हात धरा हिचे, मी चारते."

मी धरले. त्या मुलीचे दोन्ही हात मी माझ्या हातात धरले आणि धाकटीनं केळ्याचा गोळा तिच्या तोंडात सारला. मुलीनं मान झटकली, खोकली, अर्धं केळं बाहेर आलं. तिचे डोळे माझ्याकडंच होते. बिचारी, रुपया टोचत असेल, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात मुलगा बेडूक घेऊन आला. "मावशी, ह्यो बोलंना." मी एका हातानं बेडूक घेतला. हातात घेताच तो हलका लागला. उलटा केला. पोटाखाली झाकण नव्हतं. सेलची जागा रिकामी होती.

धाकटी काहीतरी बोलत होती ते मला ऐकूच येईना. रुपयाएवढा. चपटा. चकाकता. मी त्या मुलीकडं पाहिलं. तिनं आ केला आणि परत मिटला, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीनं करावा तसा.

आता खरं काय ते लिहिते. त्या क्षणी मला बोलायला हवं होतं. एक वाक्य. रुपया नाही, सेल आहे, उठा. तेवढंच. पण माझ्या तोंडून निघालं, "ह्याचं झाकण कुठं पडलं बघते," आणि मी जमिनीवर बसून पलंगाखाली वाकले.

मला सेल सापडायला हवा होता. पलंगाखाली, कपाटामागं, चपलांच्या ढिगात, कुठंही. सापडला असता तर मी तो मुकाट्यानं परत बसवून घरी गेले असते आणि मुलीनं खरंच रुपया गिळला असता. रुपया काही करत नाही. मी फुटलेल्या फुग्यांचे तुकडे बाजूला सारले, आहेराच्या कागदांचा ढीग उपसला, पायपुसणं झटकलं. देवा, सापडू दे. देवा, एवढं कर. मी मनात नवस बोलत होते आणि वर पलंगावर ती मुलगी कण्हत होती. "आणखी थोडं चार," असं सासू म्हणत होती, तेही मला ऐकू येत होतं. मी 'चारू नका' म्हणाले नाही. म्हणाले असते तर 'का, कावून?' असं विचारलं असतं.

कपाटाच्या पायाशी झाकण सापडलं. हिरवं, बोटभर. त्याला माझी सेलोटेप तशीच चिकटलेली होती, एका बाजूनं सुटून वळलेली, तिला केस आणि धूळ लागलेली. सेल नव्हता. मी पाठ वळवून बसले, नखानं ती टेप उचकटली, तिची गोळी केली आणि ब्लाउजमध्ये खुपसली. पुन्हा सांगते, मुलगी चार हातांच्या अंतरावर कण्हत होती आणि मी टेप लपवत होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. मला येऊन अर्धा तास झाला होता. थोरली चहा घेऊन आली. "घ्या ताई, एवढं काय शोधता, जाऊ द्या ते झाकण." मी कप घेतला. त्याच वेळी धाकटी सासूकडं बघून किंचाळली, "आत्याबाई, बघा की ओ, रगत!"

मुलीच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती आणि तिच्यात काळपट लाल धागा होता.

कप माझ्या हातातून पडला. मी उठले आणि ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. "रुपया न्हाई त्यो! सेल हाय! बेडकातला सेल! घसा जाळतोय त्यो, केळं फेका, काय बी चारू नका, गाडी काढा!"

सासू म्हणाली, "अगं, मी बघितलं ना रुपाया..."

"मी सांगते ना माय! सेल हाय!"

मुलीचा बाप अंगणात मांडवाचे बांबू सोडवत होता. तो धावत आत आला, माझ्या हातातला रिकामा बेडूक पाहिला आणि एक शब्द न विचारता जीप काढायला पळाला. एवढ्या लवकर समजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. धाकटी मुलीला घेऊन मागं बसली, मी तिच्या शेजारी. मला कुणी या म्हटलं नव्हतं, पण घरी जायला माझे पाय उचलेनात.

नांदूरघाट ते बीड रस्ता तसा काही फार नाही. बाजाराला आम्ही गप्पा मारत जातो. त्या दिवशी तो संपेना. बापानं एका हातानं गाडी चालवत बीडच्या लेकरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, पाणीसुद्धा पाजू नका, दुर्बीण तयार ठेवतो, या. मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाचा ट्रक आडवा आला. बाप हॉर्नवर हॉर्न मारत होता, ट्रक काही बाजूला होईना. धाकटी मुलीच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसत होती आणि प्रत्येक वेळी पदर उजेडात धरून पाहत होती. मी तो पदर पाहत नव्हते. मी बाहेरच्या दगडांकडं पाहत होते आणि मनात एकच हिशेब चालला होता. दहा वाजून गेल्यावर गिळला. मी अकराला आले. साडेअकराच्या पुढं बोलले. तो सेल नवा होता. तीनच दिवसांपूर्वी घातलेला, पट्टीतून काढलेला, कोरा.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुमी नसत्या तर आमी उद्यापस्तोर केळीच चारीत बसलो असतो." आणि तिनं माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती. मला वाटलं, ही पोर मेली तर? या मांडीवर, या गाडीत, आत्ता?

दवाखान्यात पोचताच मुलीला आत नेलं. फोटो काढला. डॉक्टर बाई बाहेर आल्या, त्यांच्या हातात काळी फिल्म, तिच्यात छातीच्या वरच्या भागात पांढरा गोल. मला तो रुपयासारखाच दिसला. पण डॉक्टर बाईंनी कडेची दुसरी बारीक रेघ दाखवली आणि म्हणाल्या, "सेलच आहे. बरं झालं, आधीच कळवलंत. नवा होता की जुना?"

बाप धाकटीकडं पाहायला लागला. धाकटी माझ्याकडं.

"नवा असंल," मी म्हणाले. "खेळणं नवं होतं."

"नवा असेल तर जास्त जाळतो," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं. समोर लस द्यायला आणलेली लेकरं रडत होती. कुणी मोबाइलवर गाणी लावली होती. घशातून दुर्बीण घालायची, गुंगी द्यायची, एवढ्याशा जिवाला गुंगी सोसेल का, असं बाप फोनवर थोरल्या भावाला विचारत होता. मी ब्लाउजमधली ती टेपची गोळी बोटानं चाचपली. संडासात जाऊन टाकून दिली. पाणी ओतलं, ती तरंगायला लागली, पुन्हा ओतलं.

सेल निघाला. बशीत ठेवून दाखवला. एका बाजूनं काळा पडलेला, कडेला पापुद्रा आल्यासारखं काहीतरी चिकटलेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, अन्ननलिकेला आतून जखम झाली आहे. आता नाकातून नळी राहील. दोन दिवस धोक्याचे, जखम फुटली तर काही सांगता येत नाही. मग आवाज चढवून म्हणाल्या, "असली खेळणी विकतं तरी कोण? झाकणाला स्क्रूसुद्धा नसतो!"

धाकटी लगेच म्हणाली, "मॅडम, ह्या ताईंनीच तर वळखलं. ह्यांच्यामुळं आमी आलो."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडं पाहून मान हलवली. शाबास म्हणतात ना, तशी.

दोन दिवस मी बीडलाच राहिले. लोकांना वाटलं, काय माया हो या बाईची! थोरली भाकरी घेऊन आली, सासूनं तिच्याबरोबर निरोप धाडला, "बाईला म्हणावं, तू माजी लेकच हायस." गावात बोलबाला झाला होता. प्रत्येक चांगला शब्द ऐकला की मला दरदरून घाम यायचा. मी थांबले होते ते मायेनं नाही. मी भीतीनं थांबले होते. मुलीचा ताप वाढला की मला हुडहुडी भरायची. नर्स धावत आली की मी भिंतीला टेकायचे. मला वाटायचं, मी इथून हलले आणि तेवढ्यात ती गेली, तर मी जगात कुणाला तोंड दाखवू?

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाईंनी चमच्यानं पाणी पाजून बघायला सांगितलं. बाप खाली औषधं आणायला गेला होता. धाकटीनं चमचा धरला. मुलीनं पाणी तोंडात घेतलं, थांबली, कपाळाला आठी घातली आणि गिळलं. धाकटी रडायला लागली. रडता रडता खाली वाकली आणि तिनं माझ्या पायाला हात लावला.

तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि सगळं सांगितलं. स्क्रू हरवला ते, टेप लावली ते. सेल मीच नवा घातला ते. तो घसा जाळतो हे मला आधीपासून माहीत होतं, ते. झाकण शोधते म्हणून मी सेल शोधत होते, ते. टेप कुठं लपवली आणि कुठं टाकली, ते.

ती ऐकत होती. चमचा हातात तसाच. मग म्हणाली, "तुमी आल्या तवा अकरा वाजलते."

"व्हय."

"आन मी केळं चारीत होते."

"व्हय."

"तुमी हिचे हात धरलते, ताई."

"तवा मला ठावं नव्हतं गं. बेडूक हातात घेतला तवा कळलं."

"त्याच्यानंतर बी मी चारलं. तुमी खाली बसून ऐकत होतात."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मला वाटलं, आता ती ओरडेल, माझ्या झिंज्या उपटेल, नवऱ्याला हाक मारेल. खरं तर तिनं तसं करावं, असंच मला वाटत होतं. ती परत मुलीकडं वळली आणि तिनं दुसरा चमचा भरला. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मी घरात कुणाला सांगणार न्हाई. आत्याबाई केळ्यापायी आधीच रोज स्वतःला कोसतात, त्यान्ला हे कशाला? पर हिला सांगायचं. मोठी झाली, इचारायला लागली, की हिला सांगायचं. आन ते मी न्हाई सांगणार. तुमी सांगायचं." मग म्हणाली, "आता घरी जावा."

मी एसटीनं घरी आले. त्या दिवसापासून माझ्या दुकानात असलं खेळणं नाही. बॅटरीचं काहीच नाही. आता कुणी जोडवाढदिवसाला काय देऊ विचारलं, तर मी तुम्हाला वाटेल ते द्या म्हणते. लोकांना वाटतं, बाई शिष्ट झाली.

मुलगी वाचली. पण जखम भरताना अन्ननलिका आतून आकसली. सहा महिन्यांत तीनदा बीडला नेऊन ती दुर्बिणीनं रुंद करून आणावी लागली, आणि प्रत्येक वेळी ते परत येईपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. आता ती पाच वर्षांची आहे. बडबडी, हसरी. गावातली लेकरं भाकरीचा तुकडा मोडून खेळत खेळत खातात, तिला तसं जमत नाही. तिला भाकर दुधात नाहीतर वरणात कुस्करून लागते, आणि घाई केली की ठसका लागून डोळे पांढरे होतात. धाकटी घासाघासाला तिच्याजवळ बसते.

धाकटीनं तिचा शब्द पाळला. गल्लीत भेटली की मला ताई म्हणते. सणाला घरचं ताट पाठवते. दुकानात मात्र कधी आत येत नाही, पायरीखाली उभी राहते आणि लेकीला वर पाठवते. मुलगी रिबीन घेते, टिकल्या घेते आणि जाते. ती वर चढायला लागली की दर वेळी माझ्या मनात एकच येतं. आज विचारेल का? नाही विचारलं. बरं झालं. आणखी एक दिवस गेला. असा किती वर्षं जीव मुठीत धरून बसले मी.

मागच्या आठवड्यात ती आली. शाळेतून आलेली, पाठीला दप्तर. धाकटी नेहमीसारखी खाली उभी होती. मुलीनं लाल रिबीन मागितली. मी कापत होते. ती काउंटरला हनुवटी टेकवून म्हणाली, "मावशी, शाळेत समदे डब्यातली भाकर खात्यात. मला म्हणत्यात तू बाळासारकं कावून खाती? मी आईला इचारलं, माजा घसा असा कावून हाय. आई म्हणली, मावशीला ठावं हाय."

कात्री माझ्या हातात तशीच राहिली. मी पायरीखाली पाहिलं. धाकटी माझ्याकडंच पाहत होती. रागानं नाही, दयेनं नाही, नुसती वाट पाहत होती.

मी रिबीन बाजूला ठेवली, काउंटरची फळी उचलली, मुलीला आत घेतलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. "बस," म्हटलं, "सांगते. मीच केलंय ते."